नवे सॉकेट बसवले आणि स्टिरिओ बिघडला: वायरमन, वेगळी लाइन की कंडिशनर?

गेल्या उन्हाळ्यात हॉलमधले बेकलाइटचे जुने बोर्ड काढून मॉड्युलर सॉकेट बसवून घेतले. वायरमनची पाठ वळताच हौसेनं ॲम्प लावला, तर तानपुऱ्याच्या आधीच भलता सूर. घुंऽऽऽ. आपली वीज 50 सायकलची, त्यामुळे ही गुरगुर 50 आणि 100 हर्ट्झवर बसते. पेटीवर पाहिलं तर पांढरी पाचच्या जरा वर. गायक पांढरी एकमध्ये गात असेल तर ती पंचमाच्या आडोशाला लपते तरी. काळी एक असेल तर थेट तीव्र मध्यमाच्या अंगाला जाते, आणि मग मध्यमच नसलेला भूप ऐकण्यात काही अर्थ उरत नाही.

मित्रमंडळींनी सल्ले दिले ते असे: जुना सॉकेट परत लाव, दोन आठवडे थांब म्हणजे नवा 'मुरेल', पॉवर कंडिशनर (विजेतला खरखराट गाळणारा डबा) घे, किंवा डीबीपासून, म्हणजे घरातल्या मुख्य एमसीबी-बोर्डापासून, स्वतंत्र लाइन ओढ. मुरण्याचं आधीच निकालात काढतो. पितळेची पट्टी म्हणजे कैरीचं लोणचं नव्हे. बाकीच्यांत निवड करायची तर आधी तक्रार नेमकी काय ते ठरवावं लागतं: गुरगुर ऐकू येते, की आवाज पातळ झालाय?

पातळ झाला असेल, खर्ज गेला असेल, गाणारा दोन स्पीकरच्या मधोमध न बसता खोलीभर पसरला असेल, तर सॉकेटला दोष देऊ नका. बोर्डाचं काम करताना ॲम्प पुढे ओढला जातो, मागच्या तारा सुटतात, आणि परत लावताना एका स्पीकरची लाल-काळी उलटी बसते. मग एक पडदा पुढे येतो तेव्हा दुसरा मागे जातो आणि खालचे सूर एकमेकांना मारतात. एखादं जुनं मोनो रेकॉर्डिंग लावा. आवाज मध्यभागी एका जागी नसेल तर ॲम्प बंद करून एकाच स्पीकरच्या दोन तारा अदलाबदल करा आणि पुन्हा ऐका. खर्च शून्य.

गुरगुर असेल तर ॲम्पच्या मागच्या सगळ्या इनपुटच्या वायरी काढा, फक्त स्पीकर ठेवा. तरीही येत असेल तर दोष ॲम्पमध्ये किंवा विजेत. थांबली, तर एकेक वायर परत लावत जा. माझ्याकडे सेट-टॉप बॉक्सची वायर लावली की घुंऽऽ सुरू. कारण कळलं तेव्हा थोडा गारठलोच. जुन्या बोर्डाला अर्थचं भोक होतं, मागे वायरच नव्हती! इतकी वर्षं ॲम्पची धातूची पेटी अर्थिंगशिवाय होती, म्हणून शांतता होती. नव्या बोर्डाला वायरमननं अर्थ दिला, तिकडे केबलवाल्याच्या कोॲक्सची (टीव्हीच्या जाड वायरीची) आतली धातूची जाळी दुसरीकडे कुठेतरी जमिनीला टेकलेली, आणि दोघांमधून माझ्या ऑडिओ वायरमार्गे वीज फिरू लागली. म्हणजे काम बिघडलं नव्हतं, पहिल्यांदाच नीट झालं होतं.

म्हणूनच जुना सॉकेट परत लावणं हा सगळ्यांत वाईट पर्याय. तीच गोष्ट प्लगची मोठी, म्हणजे अर्थची पिन कापण्याची. गुरगुर जाते, पण आत फेजची तार सुटून पेटीला लागली तर ती तुमच्या हातातून वाट काढेल.

वायरमनला परत बोलावणं सगळ्यांत स्वस्त आणि बहुतेकदा पुरेसं. पण 'जरा बघून जा' म्हणू नका, काय बघायचं ते सांगा. अर्थचं भोक वर धरून समोरून पाहिलं की उजवीकडे फेज हवा. मीटरवर फेज-न्यूट्रल 230 व्होल्टच्या आसपास, फेज-अर्थही जवळपास तेवढंच, आणि घरात लोड चालू असताना न्यूट्रल-अर्थमध्ये एक-दोन व्होल्टच्या वर जाऊ नये. तीन दिव्यांच्या टेस्टरवर विसंबू नका. न्यूट्रल आणि अर्थ आपसांत बदलले असतील तर तो तरीही 'ठीक' दाखवतो. घरात आरसीसीबी (वीज गळाली की लाइन तोडणारी कळ) असेल तर अशा वेळी लोड टाकताच ती पडते, पण जुन्या वायरिंगमध्ये ती असेलच असं नाही. हा पॉइंट चुकून इन्व्हर्टरच्या लाइनवर तर गेला नाही ना, हेही विचारा. स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टर असेल तर गुरुवारी वीज गेल्यावर ॲम्पचा ट्रान्सफॉर्मरच गुरगुरतो. आणि कडकड, लुकलुकणारे दिवे किंवा गरम सॉकेट असेल तर गाण्याचं राहू द्या, एमसीबी पाडा आणि त्याच दिवशी माणूस बोलवा. जोड सैल आहे.

वेगळी लाइन रुबाबदार वाटते, पण घरगुती स्टिरिओ 230 व्होल्टवर क्वचितच दोन अँपिअर ओढतो; क्षमतेसाठी तिची गरज नाही. खरा फायदा एवढाच, की सगळी उपकरणं एकाच अर्थवर येतात. तो फायदा चांगली एक्स्टेन्शन पट्टी घेऊन, सगळं एकाच सॉकेटवर लावूनही मिळतो. फ्लॅटच्या भिंती फोडायच्या असतील तर रंगकामाच्या वेळीच.

कंडिशनर वरच्या पट्टीतला खरखराट गाळतो. डिमर, पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, स्वस्त एलईडी त्रास देत असतील तर उपयोगी. आधी ते एकेक बंद करून ऐका. केबलमधून येणारी गुरगुर मात्र त्याच्या हाती लागत नाही, कारण ती त्याच्यातून जातच नाही. स्टॅबिलायझर तर फक्त व्होल्टेज सांभाळतो.

माझं काम पुण्याच्या तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात झालं. ऑडिओच्या वायरीत घालायचा आयसोलेटर मिळतो, आत दोन छोटे ट्रान्सफॉर्मर. स्वस्तातला आणला, गुरगुर गेली, पण डग्ग्याचा घुमाराही गेला. आठवड्यानं दुप्पट पैसे मोजून दुसरा आणला आणि तो फक्त सेट-टॉप बॉक्सच्या वायरीत घातला, सीडीला नाही. तुमच्या ॲम्पला ऑप्टिकल इनपुट असेल तर एवढंही करू नका. त्या वायरीतून प्रकाश जातो, वीज नाही.