घरच्या डायलिसिसचे ८ महिने आणि त्यातले हॉस्पिटलचे ९ दिवस

सीएपीडी म्हणजे पोटातून घरी करायचं डायलिसिस, ते सुरू करून मला आता ८ महिने झाले. सुरू करायच्या आधी मी मराठीत कुणीतरी सविस्तर लिहिलेलं खूप शोधलं होतं आणि फारसं काही सापडलं नव्हतं, म्हणून वेळ काढून लिहितेय. मी डॉक्टर नाही. हा माझ्या एकटीचा अनुभव आहे, तुमचा डोस, तुमच्या बॅगा, तुमचं पथ्य तुमच्या नेफ्रॉलॉजिस्टनाच (किडनीच्या डॉक्टरांना) विचारा.

मला आयजीए नेफ्रोपथी, हा किडनीचा आजार. बरीच वर्षं गोळ्यांवर निभावलं, मग क्रिएटिनिन (किडनी किती काम करतेय ते सांगणारा रक्तातला आकडा) ९ च्या वर गेलं आणि मानेत नळी घालून हिमो, म्हणजे मशीनवर रक्त साफ करणं, सुरू करावं लागलं. आम्ही पाटण तालुक्यातले, डायलिसिस सेंटर ५० किलोमीटरवर, आठवड्यातून ३ दिवस, ४ तास मशीनवर, जाणं-येणं धरून अख्खा दिवस जायचा आणि दुसरा दिवस नुसतं पडून राहण्यात. दोन महिन्यांत ह्यांच्या रजा संपल्या. मुलगा दहावीला. तेव्हा डॉक्टरांनीच सीएपीडीचं सुचवलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. बेंबीच्या बाजूला एक मऊ सिलिकॉनची नळी बसवतात, टेंकहॉफ कॅथेटर म्हणतात तिला. मग त्या नळीतून बॅगेतलं २ लिटर डायलिसिसचं द्रव (आम्ही त्याला पाणीच म्हणतो) पोटात सोडायचं, ते ४ ते ६ तास आत ठेवायचं, पोटाच्या आतल्या पडद्यातून रक्तातली घाण आणि जास्तीचं पाणी त्यात उतरतं, आणि मग ते काढून नवीन भरायचं. ह्याला एक्स्चेंज म्हणतात. मला दिवसात ३ आहेत आणि रात्री झोपताना एक आयकोडेक्स्ट्रिनची बॅग, जी रात्रभर आत राहते. काढणं-भरणं धरून एका एक्स्चेंजला अर्धा-पाऊण तास. बॅगा डेक्स्ट्रोजच्या दीड, अडीच आणि सव्वाचार टक्के अशा येतात, जितकी साखर जास्त तितकं पाणी जास्त खेचलं जातं, पण ती साखर अंगातही जाते, माझं वजन ३ किलो वाढलं ते सुजेने नाही, त्या साखरेने.

चांगलं काय ते आधी सांगते. हिमोनंतर जी गळून जाण्याची भावना यायची ती गेली. बीपीच्या दोन गोळ्या कमी झाल्या. पोटॅशियम उलट कमी यायला लागलं तेव्हा डॉक्टरांनी रिपोर्ट बघून अर्धं केळं खायला परवानगी दिली, कितीतरी वर्षांनी केळं खाल्लं मी, सासूबाईंनी सोलून हातात दिलं आणि त्या तिथेच उभ्या राहिल्या मी संपवेपर्यंत. (हे सगळ्यांना लागू नाही, रिपोर्टशिवाय करू नका.) आणि मुलाच्या परीक्षेला मी घरी होते.

त्रासाचं म्हणाल तर पहिले दोन महिने कंबर दुखायची, २ लिटर पाणी पोटात घेऊन भाकऱ्या थापायला उभं राहून बघा. भूक मेली. पाण्यातून प्रोटीन जातं, माझं अल्ब्युमिन (रक्तातलं प्रोटीन) २.९ झालं होतं, रोज अंड्यांतला पांढरा भाग आणि पनीर सुरू केल्यावर ३.४ वर आलं. बद्धकोष्ठता झाली की नळीतून पाणी नीट उतरत नाही, हे मला कुणीच सांगितलं नव्हतं, दोन दिवस वाटलं नळी बंद पडली. खर्चही कमी नाही, आणि महिन्याची खोकी ठेवायला एक खोली लागते, आमची धान्याची खोली त्यातच गेली.

आता ग्रुपबद्दल, कारण त्याशिवाय हा अनुभव अर्धाच आहे. ट्रेनिंगला आलेल्या कोऑर्डिनेटर ताईंनी मला मराठी पेशंटच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर घातलं. नाशिकच्या ताई ॲडमिन, स्वतः ६ वर्षं सीएपीडीवर. नगरचे काका, बेळगावच्या काकू, अकोल्याचा एक दादा जो सायकलर मशीनवर आहे (ते रात्री झोपेत आपोआप एक्स्चेंज करतं), असे सगळे. ताईंचा नियम कडक आहे, कुणी कुणाचा डोस बदलायचा नाही आणि काढे-रसांचे फॉरवर्ड टाकायचे नाहीत, एकाने 'किडनी पुन्हा सुरू करणारा रस' टाकला तर ताईंनी पाच मिनिटांत काढला आणि त्या माणसाला स्वतः फोन करून समजावलं. मला हे फार पटलं. आपण ह्या आजारात इतके हतबल असतो की कुणी काहीही पाजलं तरी पिऊन मोकळे होऊ.

पेटीकोटची नाडी नळीच्या जागेवर काचायची आणि तिथे लाल व्हायचं, हे मी डॉक्टरांना सांगायला लाजत होते. ग्रुपवर विचारलं तर बेळगावच्या काकूंनी मऊ सुती कापडाचा पट्टा कसा शिवायचा, त्याला नळी ठेवायला आडवा खिसा कुठे घ्यायचा, हे वहीच्या कागदावर काढून त्याचा फोटो पाठवला. आता माझ्याकडे असे चार पट्टे आहेत. थंडीत बॅग कोमट करायला मी गरम पाण्यात बुडवणार होते, ते काकांनी थांबवलं, ओल्या बॅगेवरून जंतू जाऊ शकतात, हीटिंग पॅडवर कोरडीच गरम करायची. ट्रेनिंगमध्ये हे सांगितलेलं असणार, पण तीन दिवसांत डोक्यात राहतं किती?

मग जुलै. सकाळी पावणेसहाला रात्रीची बॅग काढली आणि पाणी गढूळ, तांदूळ धुतलेल्या पाण्यासारखं. पोटात बारीक कळ. ग्रुपवर शिकवलेलं होतं की बॅग पेपरवर ठेवून अक्षरं वाचून बघायची. मी आदल्या दिवशीचा पेपर अंथरला, बाजारभावाचं पान होतं, त्यावर बॅग ठेवली तर मोठा मथळासुद्धा पुसट, आणि खालचे बारीक आकडे दिसतच नव्हते. मी तिथेच पाटावर बसले, हात थरथरायला लागले. फोटो काढून ग्रुपवर टाकला. चार मिनिटांत तीन उत्तरं आणि तिन्ही एकच, पाणी ओतू नका, बॅग तशीच पिशवीत घाला, डॉक्टरांना फोन करा आणि आत्ता निघा. नाशिकच्या ताईंनी वेगळा फोन केला, म्हणाल्या, "चार दिवसांच्या बॅगा आणि नळीच्या मिनीकॅप टोप्या सोबत घे गं, तिथे स्टॉक असेलच असं नाही. आणि आपला कागद घे."

तो कागद म्हणजे ग्रुपने सगळ्यांकडून भरून घेतलेलं एक पान. नळी कधी बसवली, दिवसाला किती एक्स्चेंज, कुठल्या बॅगा, ड्राय वेट (जास्तीचं पाणी निघाल्यावरचं वजन) किती, कुठल्या औषधाची ॲलर्जी, नेफ्रॉलॉजिस्टचा नंबर, आणि खाली ठळक अक्षरांत, हात धुतल्याशिवाय आणि मास्कशिवाय नळी उघडू नये, अँटिबायोटिक देण्याआधी पोटातल्या पाण्याचा सेल काउंट (पेशींची मोजणी) आणि कल्चर (जंतू ओळखायची तपासणी) पाठवावं.

त्या दिवशी घाटाकडच्या रस्त्यावर दरड आली होती, लाईट नव्हती, हे गाडी काढून फिरून फिरून नेत होते आणि मी मांडीवर ती बॅग धरून. दोन तास लागले. कॅज्युअल्टीत पोचलो तर ड्युटीवरच्या मुलाने सीएपीडीचा पेशंट कधी हाताळलेला नव्हता, सिस्टर ग्लोव्ह्ज न घालता नळीची टोपी उघडायला आल्या आणि मी ओरडले. कधी कुणावर आवाज चढवत नाही मी, पण ओरडले. एकजण म्हणाला, नळी काढून टाकू आणि हिमो सुरू करू. ह्यांनी तो कागद पुढे केला आणि शांतपणे म्हणाले, "आधी ह्या नंबरवर बोला." त्यानंतर सगळं रुळावर आलं. सॅम्पल आधी गेलं, मग अँटिबायोटिक, तेही बॅगेच्या पाण्यात घालून थेट पोटात. पाण्यात पांढऱ्या पेशी १०० च्या वर आणि त्यात निम्म्याहून जास्त न्यूट्रोफिल (त्यातलाच एक प्रकार) असले की पेरिटोनायटिस, म्हणजे पोटाच्या पडद्याला जंतुसंसर्ग, धरतात, माझे १८४० आले.

९ दिवस होते. हे दिवसा यायचे, रात्री घरी, कारण मुलगा आणि सासूबाई एकट्या. रात्री दोन-अडीचला वॉर्डात डोळा लागायचा नाही, नळी गेली तर पुन्हा ते मानेतलं, पुन्हा ते ५० किलोमीटर, हेच डोक्यात. पहिल्या रात्री मी ग्रुपवर नुसतं 'कुणी जागं आहे का' लिहिलं. अकोल्याचा दादा जागा होता, कुशीवर वळला की त्याची नळी दबते आणि सायकलरचा अलार्म वाजतो, मग उठावंच लागतं. त्याने मला धीराचं वगैरे काही लिहिलं नाही. त्याला तीन वर्षांपूर्वी हेच झालं होतं, तेव्हा कुठल्या दिवशी पाणी कसं दिसलं ते त्याने दिवसवार लिहून पाठवलं, पहिला दिवस असा, दुसऱ्याला किंचित फरक, तिसऱ्याला साफ व्हायला लागतं. मला त्या रात्री तेवढंच हवं होतं, उद्या काय दिसेल ते.

नगरच्या काकांनी सांगून ठेवलं होतं की रोज सकाळच्या बॅगेचा पेपरवर ठेवून फोटो टाकायचा. पहिल्या दिवशी काही नाही. दुसऱ्या दिवशी मथळा वाचता आला. तिसऱ्या दिवशी मी फोटो टाकला आणि मिनिटभरात काकांचा मेसेज, "सोयाबीन, आवक ३१२." खालच्या बारीक अक्षरांतली ओळ त्यांनी माझ्या बॅगेतून वाचली होती. मी पुन्हा वाकून बघितलं, खरंच, सोयाबीन, आवक ३१२. मी रडले आणि शेजारच्या बेडवरच्या आजी घाबरल्या, त्यांना वाटलं काहीतरी वाईट झालं.

कल्चरमध्ये त्वचेवरचा नेहमीचा जंतू आला, म्हणजे हाताळण्यातून गेलेला. विचार केल्यावर मला आठवलं, त्या आठवड्यात पाहुणे होते, लाईट येत-जात होती, मी एका एक्स्चेंजला पंखा चालू ठेवून घाईत बॅग जोडली होती. नक्की त्याच वेळी गेला का सांगता येणार नाही, पण ते मी केलं हे खरं आहे. नळी वाचली. नळीच्या टोकाला जोडलेला ट्रान्सफर सेट बदलला, उरलेले डोस ओपीडीत जाऊन घेतले, आणि कोऑर्डिनेटर ताईंनी घरी येऊन पुन्हा पहिल्यापासून ट्रेनिंग घेतलं, हात धुण्यापासून. आता एक्स्चेंजच्या वेळी दार बंद, खिडकी बंद, पंखा बंद, फोन बाहेर.

ग्रुपचं जड जाणारंही एक आहे. ऑगस्टमध्ये आमच्यातले एकजण गेले, त्यांच्या मुलीने त्यांच्याच नंबरवरून कळवलं. दोन दिवस कुणी काही लिहिलं नाही. मी दोन दिवस फोन उघडायलाच घाबरत होते. नुकतंच डायलिसिस सुरू झालेल्यांना हे झेपेलच असं नाही, अशांनी नोटिफिकेशन बंद ठेवून लागेल तेव्हाच बघावं असं मला वाटतं. पण मी ग्रुप सोडणार नाही.

सीएपीडी घ्यावं का? घरात स्वच्छ, बंद करता येणारी एक जागा असेल, रोज न चुकता करणारं कुणी असेल, सेंटर लांब असेल, तर मी हो म्हणेन, पेरिटोनायटिस होऊनसुद्धा. पोटाची मोठी ऑपरेशन्स झालेली असतील किंवा हर्निया असेल तर आधी डॉक्टरांशी नीट बोला, सगळ्यांना जमत नाही. आणि तो एक पानाचा कागद मात्र आजच भरून ठेवा, हिमोवर असाल तरी, कुठलाही जुना आजार असेल तरी, आणि घरातल्या दुसऱ्या माणसाला तो कुठे ठेवलाय ते दाखवून ठेवा.

माझं नाव पुण्याच्या झेडटीसीसीच्या (अवयव प्रत्यारोपणाची यादी ठेवणारं केंद्र) यादीत किडनीसाठी लागलंय. पुढच्या महिन्यात पीईटी टेस्ट आहे, पडदा कसा काम करतोय ते त्यात कळेल आणि मग दुपारची बॅग बदलायची का ते ठरेल. तोवर ३ अधिक १ चालू आहे, आज सकाळचं यूएफ (अंगातून निघालेलं जास्तीचं पाणी) ६५० मिली आलं, पाणी स्वच्छ.