एफ-३० गन आणि फेविकोल: लहान सुतारकामासाठी घ्यावी का?

घ्यावी. देवघरं, फोटोच्या चौकटी, मसाल्याचे रॅक, खोके, गणपतीचं मखर असली हलकी कामं घरी करणाऱ्याला हवेवर चालणारी ब्रॅड नेलर, म्हणजे बारीक खिळे मारणारी गन, फार उपयोगाची आहे. आमच्या इंदूरला सियागंजात तिला नुसतं 'एफ-३० गन' म्हटलं की दुकानदार समोर ठेवतो. गन स्वस्त असते, खरा खर्च तिला दाबाची हवा पुरवणाऱ्या कंप्रेसरचा. तो आधीपासून घरात असेल तर विचारच करू नका.

तिचं खरं काम काय, ते मात्र समजून घ्यायला हवं. या गनचे खिळे १८ गेजचे, म्हणजे जेमतेम सव्वा मिलिमीटर जाडीचे. डोकं नावापुरतं. एवढ्याशा खिळ्यावर खोकं उभं राहत नाही, उभं राहतं ते फेविकोलवर. पण फेविकोल ओला असताना तुकडे एकमेकांवरून सरकतात, आणि शिकंजा (क्लॅम्प) आवळायला गेलं की आणखीच सरकतात. गन नेमकी इथे कामाला येते. कोपरा गुण्याला (काटकोन बघायच्या पट्टीला) लावायचा, डाव्या हाताने दाबून धरायचा, दोन टोकांना एकेक खिळा मारायचा. सांधा जागच्या जागी बसतो आणि लगेच पुढचा कोपरा घेता येतो. हातोडीच्या ठोक्याने ओला सांधा हलतो. गनचा खिळा एका झटक्यात आत जातो, त्यामुळे काहीच हलत नाही. माझ्याकडे चारच शिकंजे आहेत आणि रामबागेतली आमची मागची पडवी अरुंद आहे, म्हणून मला याची किंमत जास्त कळते.

सांधा रात्रभर तसाच राहू द्यावा. पांढऱ्या फेविकोलला पूर्ण ताकद यायला चोवीस तास लागतात, पावसाळ्यात थोडे जास्तच धरा. खिळे लागलेत म्हणून लगेच घासायला घेऊ नये. देवघराला अभिषेकाचं पाणी लागतं, त्यासाठी नेहमीचा फेविकोल एसएच न घेता पाण्याला टिकणारा फेविकोल मरीन घ्यावा. सांध्यातून बाहेर आलेला फेविकोल ओल्या फडक्याने तेव्हाच पुसा. त्याचा पुसट थर जरी राहिला तरी सागवानावर पॉलिश तिथे मुरत नाही आणि फिका डाग कायमचा दिसतो. खिळ्याचं भोक मात्र तिळाएवढं असतं. लाकडाच्या भुश्यात फेविकोल कालवून ते भरलं आणि घासलं की शोधावं लागतं.

आता मर्यादा. एफ-३० मध्ये १० ते ३० मिलिमीटरचे खिळे बसतात. वरचा तुकडा ९ मिलिमीटरचा प्लाय असेल तर २५ चा खिळा छान पकडतो. वरचाच तुकडा १८ चा असला तर ३० चा खिळा खालच्यात जेमतेम १२ मिलिमीटर जातो, ती पकड मला पुरेशी वाटत नाही. अशा कामाला मोठी, एफ-५० घ्यावी. एमडीएफच्या (लाकडाचा भुगा दाबून केलेल्या फळीच्या) कडेत अगदी कोपऱ्याजवळ खिळा मारला तर थर फुटतात, कोपरा दोन बोटं सोडून मारावा. हवेचा दाब पाइन आणि प्लायला ४-५ बार पुरतो. सागवानाला ६ च्या आसपास न्यावा लागतो, नाहीतर खिळा अर्धा बाहेर राहतो.

बोटांची काळजी मात्र कळकळीने सांगते. इतका बारीक खिळा गाठीला किंवा कडक रेषेला लागला की आतल्या आत वळतो आणि बाजूने बाहेर येतो. सांधा धरलेलं बोट खिळ्याच्या लांबीपेक्षा दूरच हवं, आणि डोळ्यांवर चष्मा. अडकलेला खिळा काढण्याआधी गनची हवेची नळी काढलीच पाहिजे, यात सवलत नाही. रोज सुरुवातीला गनच्या हवेच्या तोंडात तेलाचे एक-दोन थेंब आणि काम संपल्यावर कंप्रेसरच्या टाकीखालचा नळ उघडून साचलेलं पाणी सोडणं, एवढी तिची सेवा. कंप्रेसरचा आवाज मोठा आहे. शेजारच्या काकू दुपारी झोपतात, म्हणून मी खिळ्यांचं काम सकाळी उरकते आणि दुपारी घासकाम करते.

बसायचा पाट, स्टूल, भिंतीवरची जड फळी यांना मी ही जोडी वापरत नाही. तिथे माणसाचं किंवा सामानाचं वजन येतं, तिथे खाच किंवा स्क्रूच हवा.

गन घेताना दुकानातच कंप्रेसरला लावून वाया गेलेल्या प्लायवर पाच-सहा खिळे मारून बघा. एकदा मला दाखवलेल्या नगात ट्रिगर सोडल्यावरही मागून हवा फुसफुसत होती. ती परत देऊन दुसरी मागितली, तीच आजवर चालते आहे. खिळ्यांची पट्टीही त्याच वेळी घालून बघा. हलक्या प्रतीच्या खिळ्यांच्या पट्ट्या मध्येच तुटतात आणि तुकडे तोंडाशी अडकतात. २५ चे खिळे सगळ्यात जास्त लागतात, त्याचे दोन डबे एकदमच आणा.