भाच्याच्या वेदीवरचा सागवानी स्टँड: नऊ महिन्यांनंतर

डिसेंबरात भाच्याची गुरुदीक्षा झाली, तो कॅथलिक धर्मगुरू झाला. त्याला स्वतःच्या हाताने घडवलेलं काहीतरी द्यायचं होतं. पहिल्यांदा मनात आला लाकडी चषक. पण मिस्साविधीच्या, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेच्या, सर्वसाधारण नियमांत (कलम 330) स्पष्ट म्हटलंय की प्रभूचं रक्त, म्हणजे पवित्र केलेला द्राक्षारस, ज्यात असतं ती चषकाची वाटी द्रव न शोषणाऱ्या पदार्थाची हवी. खालची बैठक दुसऱ्या टिकाऊ वस्तूची चालते. मग तो विचार सोडला आणि वेदीवर मिस्साग्रंथ, म्हणजे मिस्सेच्या प्रार्थनांचं पुस्तक, टेकवायचा स्टँड केला. क्रूस बहुतेक सगळेच देतात. फादरांना रोज काय लागतं ते आधी विचारून घ्या, एवढं मी कुणालाही सांगेन.

लाकूड भाच्याच्या आजोळचं, म्हणजे आमच्या वसईच्या जुन्या घराच्या दाराचं. 18 मिलिमीटर जाड सागवान, 35 बाय 30 सेंटिमीटरची फळी. वर नक्षी काय कोरायची यावर घरात चर्चा झाली. बायको म्हणाली, आपल्याकडे भात पिकतं, भाताची लोंबी कोरा. पण मिस्सेची भाकर गव्हाचीच असते, म्हणून गव्हाची ओंबी कोरली. कोरीव काम दोन मिलिमीटरपेक्षा खोल नेलं नाही, हे बरं झालं. मेणबत्तीचं मेण दोनदा सांडलं, नखाने अलगद निघालं.

व्हार्निश टाळलं, जवसाचं तेल तीन हात दिलं. ते पुरतं वाळायला तीन आठवडे ठेवलं, नाहीतर वेदीच्या पांढऱ्या चादरीवर डाग पडला असता. तेलाचे बोळे मात्र चुरगाळून टाकू नका. ते आपोआप तापून पेट घेतात. पसरून वाळवा.

जुलैत माझी चूक उघडी पडली. मिस्सेनंतर त्याचा फोन आला, "मामा, पान उलटताना ग्रंथ डुलतोय." ग्रंथ ज्यावर टेकतो ती खालची पट्टी मी फळीच्या रेषांना आडवी, तीन स्क्रूंनी घट्ट आवळली होती. वाटलं, इतकं जुनं लाकूड आता कुठं हलणार? पण पावसाळ्याची दमट हवा लागली की सागवानही रुंदीला फुगतं. पट्टीने फळीला सरकू दिलं नाही, फळी वाकली. मधला स्क्रू तसाच ठेवला, कडेच्या दोघांची भोकं पट्टीत लांबट केली, पितळी स्क्रू घातले. आठवडाभरात फळी बरीच सरळ झाली. तेव्हापासून तक्रार नाही.

परवा त्याच्याकडे गेलो होतो. पट्टीच्या उजव्या टोकाला, पान उलटताना अंगठा टेकतो तिथे, लाकूड काळपट आणि गुळगुळीत झालंय. मी पॉलिश पेपर काढला.

"राहू दे, मामा."

मी कागद परत खिशात ठेवला. आता मे महिन्यात, पाऊस लागण्याआधी, तेलाचा एक हात द्यायचा आहे.