झिजणे की खंगणे?

दोन्ही शब्दांत कमी होणे आहे, पण कारण वेगळे. झिजायला घासणारे काहीतरी लागते: पाय, पाणी, काम. वाईच्या घाटाच्या पायऱ्या झिजतात, खंगत नाहीत. खंगणे आतून येते, आजाराने, उपासमारीने, काळजीने. आणि ते जिवंत देहालाच लागू पडते. १९७२च्या दुष्काळात माण-खटावची जनावरे खंगली. तिथे ‘झिजली’ म्हटले तर वैरणीचा अभाव दिसतच नाही.

माणसांबद्दल लिहिताना हा फरक मला फार मोलाचा वाटतो. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कऱ्हाडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली आणि पुढे आयुष्यभर बहुजनांच्या मुलांसाठी ते झिजले. या झिजण्यात स्वतःहून देणे आहे, म्हणून मान आहे. खंगण्यात माणसाची निवड नसते. जुन्या काळी पाचगणीच्या हवेत राहायला येणारे क्षयाचे रोगी खंगलेलेच असत.

‘झिजवणे’ मात्र सर्रास चालते: पेन्शनसाठी म्हातारी कचेरीचे उंबरठे झिजवते. ‘खंगवणे’ क्वचितच ऐकू येते.

‘रोडावणे’ यांहून सौम्य, पटसंख्याही रोडावते. बातमीत कुपोषित मुलाला ‘रोडावलेले’ लिहू नये, ‘खंगलेले’च लिहावे.