समुद्राकाठच्या घरासाठी भरलेले 32,001 रुपये

फसवणुकीत गेलेल्या या रकमेतले माझे साडेतीन हजार. बाकीचे आमच्या बचत गटातल्या अकरा बायांचे. म्हणूनच लिहायला बसले आहे. स्वतःचेच गेले असते तर कदाचित गप्प बसले असते, आणि गप्प बसण्यानं काय होतं ते पुढे सांगते.

आमचं गाव आर्वी तालुक्यात. कापूस, तूर, सोयाबीन आणि थोड्याफार संत्र्याच्या बागा. गट संत्र्याचं सरबत आणि आवळ्याची कँडी करतो. दर मृग बहाराला हेच होतं, व्यापारी बारीक फळ काढून टाकतो आणि ते मातीमोल भावानं जातं. नाशिककडे द्राक्षाचं काय काय करतात ते एकदा डोळ्यांनी पाहावं, हे माझ्या मनात दोन वर्षं होतं. बेदाणा पाहायचा होता, वाइनही कशी होते ते पाहायचं होतं. वाइनचं नाव काढलं तशी बैठकीत शांतता झाली. आमचा वर्धा जिल्हा दारूबंदीचा. गावातली हातभट्टी बंद करायला याच बाया रात्री काठ्या घेऊन फिरल्या आहेत. शेवटी अध्यक्षा काकूच म्हणाल्या, "पाह्यलं म्हणजे पेलं असं होते काय? फयाचे पैसे कसे करतेत ते त पाहू." ठरलं. बाटली कोणी हातात घ्यायची नाही, आणायची तर नाहीच.

मग समुद्र निघाला. बारांपैकी नऊ जणींनी समुद्र पाहिलेला नव्हता. माझ्या सासूबाई त्यातल्याच. "मले एकडाव पाय भिजवाचे हाय त्या पाण्यात," एवढंच त्या म्हणाल्या आणि पुन्हा तूर निवडायला लागल्या.

प्रवासाची आखणी मी फार मन लावून केली. वही अजून आहे. विरूळला समृद्धी महामार्गावर चढायचं, सिन्नरजवळ उतरायचं, साधारण पाचशे किलोमीटर. पहाटे निघालं तर दुपारी नाशिक. गंगापूर धरणाच्या बाजूला वाइनरी आहेत, तिथे फिरवून दाखवतात. जाणं जानेवारी-फेब्रुवारीतच, कारण वाइनच्या द्राक्षांची तोडणी जानेवारी ते मार्च चालते, आणि फळ गार असताना म्हणजे भल्या पहाटे तोडतात. ही द्राक्षं खायच्या द्राक्षांसारखी टपोरी नसतात. मणी बारीक, साल जाड, आत बिया. आमच्या बारीक संत्र्याला व्यापारी नाकं मुरडतो आणि तिकडे बारीक मण्यालाच मोल, हे वाचून मला किती हुरूप आला होता! दुसऱ्या दिवशी त्र्यंबकेश्वर, तिथून जव्हारचा घाट उतरून डहाणू, आणि डहाणूहून किनाऱ्यानं बोर्डी. बोर्डी निवडली ती चिकूसाठी. डहाणू-घोलवडच्या चिकूला भौगोलिक मानांकन आहे, जसं नागपुरी संत्र्याला आहे, आणि बोर्डीत चिकूचीही वाइन बनते. म्हणजे समुद्रही झाला आणि आमचं कामही.

माणशी साडेतीन हजार, एकूण 42,000. एका ताईनं तिचे पैसे बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात आणले. दहा, वीस, पन्नासच्या नोटा, वेचणीच्या मजुरीतून बाजूला ठेवलेल्या. मोजायला आम्हाला वीस मिनिटं लागली. ते पैसे मी माझ्या खात्यात भरले, कारण फोनवरून पैसे पाठवणं गटात मलाच येतं. आर्वीच्या ओळखीच्या ड्रायव्हर भाऊंना सतरा सीटच्या गाडीसाठी 5,000 इसार दिला. राहायचं ठिकाण तेवढं बाकी होतं.

ते मोबाइलवर जाहिरातीत सापडलं. समुद्राला लागून घर, अंगणात सुरूची झाडं, झोपाळा. फोन केला. माणूस शुद्ध, गोड मराठीत बोलला. प्रत्येक वाक्यात "ताई". मी सांगितलं, आम्ही सगळ्या बायाच आहोत, तिथे दारूबिरू चालत असेल तर नको. तो लगेच म्हणाला, "ताई, आमच्याकडे फक्त कुटुंबं येतात, माझी आई स्वतः स्वयंपाक करते." मी जे ऐकायला आसुसले होते तेच त्यानं मला ऐकवलं, आणि ते त्याला माझ्याच तोंडून कळलं होतं. त्यानं न मागता आधार कार्डाचा फोटो पाठवला. तो बघून मी निर्धास्त झाले. आज कळतं की कोणाच्याही आधारचा फोटो कोणाच्याही फोनमध्ये असू शकतो.

बारा जणी, दोन रात्री, जेवणासह 18,000. निम्मे आधी. गुरुवारी दुपारी चारच्या सुमारास मी 9,000 पाठवले. पाठवताना स्क्रीनवर जे नाव आलं ते त्याचं नव्हतं. मी विचारलं. "मॅनेजरचं खातं आहे ताई." मी पुढे गेले. इथे थांबायला हवं होतं. पैसे घेणाऱ्याचं बँकेतलं नाव पिन टाकण्याआधी स्क्रीनवर दिसतं, ते याचसाठी.

पाच मिनिटांत फोन. "ताई, सिस्टीममध्ये एंट्री झाली नाही, 9,001 टाकायला हवे होते. तेवढे पाठवा, आधीचे आपोआप परत येतात." पाठवले. मग 5,000 अनामत, घर सोडताना परत मिळणारी. तीही पाठवली. आधीचे 9,000 काही आले नाहीत. मी विचारलं तर त्यानं क्यूआर कोड पाठवला, म्हणाला, "हा स्कॅन करा, रिफंडचा आहे, पिन टाकला की जमा होतील." फोन सुरूच होता, तो घाई करत होता, मागे कुठेतरी लहान मूल रडत होतं. मी पिन टाकला. आणखी 9,000 गेले. पैसे यायचे असतील तर पिन कधीच लागत नाही, हे मला माहीत होतं. गटाच्या बायांना मीच हे सांगितलं आहे. तरी टाकला. फोनवरचा माणूस एकामागून एक काम सांगत असतो, तेव्हा माहीत असलेलं आठवायला उसंत मिळत नाही. म्हणून सांगते, पैशाचं बोलणं निघालं की आधी फोन ठेवा. खरा घरमालक दहा मिनिटांनी पुन्हा बोलेल.

आता त्या रात्रीचं सांगते. पाच वाजता मला कळलं होतं. पण कोणाला सांगितलं नाही. घरधनी शेतातून आले, त्यांना वाढलं. सासूबाईंनी विचारलं, "समुद्राजवळच्या घराचं झालं काय वं?" मी हो म्हटलं. रात्रभर त्याला फोन लावत राहिले, बंद लागत राहिला. सकाळी अकराला धाकट्या जावेला सांगितलं तेव्हा तिनं माझ्या हातातून फोन घेऊन 1930 लावला. ही सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन. तिथे व्यवहाराचा बारा अंकी क्रमांक, वेळ, रक्कम, बँक विचारतात, म्हणून ते आधीच कागदावर काढून ठेवावं. तीच तक्रार सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या संकेतस्थळावरही करता येते. मग आम्ही पोलीस ठाण्यात आणि बँकेत गेलो.

पुढे तपासात जे कळलं ते मला आजही झोपू देत नाही. गुरुवारी रात्री साडेआठपर्यंत 23,000 रुपये त्याच खात्यात पडून होते. साडेआठनंतर ते तीन खात्यांत फिरले आणि काढले गेले. आम्ही कळवलं तेव्हा रोखता आले ते 2,150. पाच वाजता मी तोंड उघडलं असतं, तर बिस्किटाच्या डब्यातल्या त्या नोटा कदाचित वाचल्या असत्या. चोरानं नेलं ते नेलंच, पण माझ्या लाजेनं त्याला साडेतीन तास दिले.

शनिवारी गटाची बैठक बोलावून सगळं वाचून दाखवलं, व्यवहार क्रमांकांसह. मला रडू आवरेना. डबा आणणारी ताई म्हणाली, "पैसे गेले त गेले, तू काहून रडून राहिली? उद्या माह्या पोरीले असा फोन आला त काय सांगू ते सांग." ड्रायव्हर भाऊंनी इसाराचे 5,000 न मागता घरी आणून दिले. ते धरून उरलेले 9,999 मी त्याच दिवशी वाटून दिले. बाकीचे मी दर महिन्याला फेडते आहे. बाया नको म्हणतात, पण वहीत खातं माझ्या नावावर आहे.

यंदा पुन्हा ठरवतो आहोत. या वेळी घर असं शोधलं: आधी बोर्डीतल्या एका किराणा दुकानाचा नंबर मिळवला, तिथे विचारलं की अमुक घर खरंच आहे का. मग घरवाल्या मावशींना व्हिडिओ कॉल केला आणि म्हटलं, फाटकापासून समुद्रापर्यंत चालत दाखवा. त्या चालल्या. ओहोटी होती, पाणी पार लांब गेलं होतं, त्यांना बराच वेळ लागला. सासूबाई माझ्या खांद्यावरून बघत होत्या. इसार म्हणून मावशींनी 500 रुपये घेतले, बाकी पोचल्यावर.

त्या जुन्या जाहिरातीतला झोपाळ्याचा फोटो मी नंतर इंटरनेटवर शोधून पाहिला. ते घर बोर्डीचं नव्हतंच, अलिबागच्या बाजूचं निघालं. त्याच्या खऱ्या मालकांना फोन केला तर ते थकलेल्या आवाजात म्हणाले, "तुम्ही चौथ्या, ताई." त्यांनी माझे स्क्रीनशॉट मागून घेतले, त्यांच्या तक्रारीला जोडायला. मागच्या आठवड्यात तीच जाहिरात मला पुन्हा दिसली. झोपाळा तोच, सुरूची झाडं तीच. गावाचं नाव मात्र या वेळी गणपतीपुळे आहे.