व्हर्टस जीटी घ्यायची, पण तिसरं पेडल हवं की नको?

मुंबईत नवी गाडी घेतली आणि तीही गिअरची, असं कळलं की लोक आधी तुमच्याकडे बघतात आणि मग तुमच्या डाव्या गुडघ्याकडे. मी फिजिओथेरपिस्ट, त्यामुळे माझ्या गुडघ्याकडे जरा जास्तच रोखून. “तुला तरी कळायला हवं होतं,” हे सासूबाईंपासून सोसायटीच्या सेक्रेटरींपर्यंत सगळ्यांचं बोलून झालंय. म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकते. गाडी आहे फोक्सवॅगन व्हर्टस, जीटी प्लस, दीड लिटर, सहा गिअरची मॅन्युअल.

गाडीबद्दल थोडक्यात. १४९८ सीसीचं टर्बो पेट्रोल इंजिन, ताकद १५० पीएस, टॉर्क, म्हणजे इंजिनची ओढ, २५० न्यूटन मीटर. हा टॉर्क १६०० आरपीएमलाच (इंजिनचे मिनिटाला फेरे) मिळायला लागतो आणि ३५०० पर्यंत टिकतो. गाडी बनते आपल्या चाकणला. २०२२ मध्ये व्हर्टस आली तेव्हा हे मोठं इंजिन हवं असेल तर डीएसजी ऑटोमॅटिकच घ्या, नाहीतर विसरा, असा मामला होता. मॅन्युअल आली २०२३ मध्ये. डिकी ५२१ लिटरची, म्हणजे माहेरून साताऱ्याहून निघताना आई जे जे काही भरते ते सगळं मावतं आणि वर नवऱ्याची बॅगही बसते. मागची सीट, एसी, स्क्रीन, गाणी, सगळं छान आहे. त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. मला लिहायचंय ते दोन सीटच्या मधल्या त्या दांड्याबद्दल.

दोन्ही गाड्या एकाच दुपारी चालवून बघितल्या, आधी डीएसजी. खरं सांगते, पहिल्या पाच मिनिटांत मी जवळजवळ चेक फाडला होता. ईस्टर्न एक्सप्रेस हायवेवर मुलुंडहून भांडुपकडे मोकळा पट्टा मिळाला, पाय दाबला, आणि गिअर बदलल्याचं फक्त आरपीएमच्या काट्यावरून कळलं. दांडा एकदा मागे ओढला की ‘एस’ लागतो, मग गाडी गिअर जास्त वेळ धरून ठेवते. स्टिअरिंगमागे पॅडल, म्हणजे बोटांनी ओढायच्या पट्ट्या, आहेत, त्यांनी हवा तो गिअर मागता येतो. इतक्या झटपट गिअर कुठलाच माणूस बदलू शकत नाही. त्यामुळे “मॅन्युअल जास्त फास्ट असते” असं कुणी सांगत असेल तर त्याने डीएसजी चालवलेली नाही असं खुशाल समजा. त्याच घराण्यातली गोल्फ जीटीआय २०२५ मध्ये भारतात आली ती फक्त डीएसजीमध्येच आली. वेगासाठी क्लच पेडल लागतं हा काळ गेला.

मग आम्ही हायवे सोडून उपनगरातल्या गर्दीच्या एलबीएस मार्गाला लागलो, आणि मत बदलायला सुरुवात झाली.

डीएसजीच्या आत दोन क्लच असतात. एकाकडे पहिला, तिसरा, पाचवा, सातवा गिअर. दुसऱ्याकडे दुसरा, चौथा, सहावा आणि रिव्हर्स. तुम्ही तिसऱ्यात चालवत असता तेव्हा चौथा आत आधीच लावून ठेवलेला असतो. एक क्लच सुटतो, त्याच क्षणी दुसरा धरतो, आणि ताकद तुटतच नाही. युक्ती अफलातून आहे. पण ते क्लचच आहेत, मॅन्युअल गाडीत असतो तसेच, आणि या गिअरबॉक्समध्ये ते कोरडे आहेत. म्हणजे त्यांना थंड ठेवायला तेलात बुडवलेले नाहीत. तुमच्या डाव्या पायाचं काम कॉम्प्युटर करतो, एवढाच फरक.

आता भांडुप स्टेशनजवळचा सिग्नल डोळ्यासमोर आणा. पुढची बेस्टची बस चार फूट सरकते. तुम्ही ब्रेकवरचा पाय अर्धवट उचलता, गाडी सरपटत चार फूट जाते, परत ब्रेक. या चार फुटांत आतला क्लच ना पूर्ण धरलेला, ना पूर्ण सुटलेला. ड्रायव्हिंग स्कूलचे मास्तर ज्याला ‘हाफ क्लच’ म्हणून ओरडतात, तेच ही महागडी गाडी तुमच्या वतीने करत असते, आणि तुम्हाला त्याचा पत्ता नसतो. हाफ क्लच म्हणजे घर्षण, घर्षण म्हणजे उष्णता. उपाय सगळ्यांना माहीत आहे: ब्रेक पूर्ण दाबून थांबा, पुढे एका गाडीएवढी जागा होऊ द्या, मग पाय पूर्ण उचलून ठामपणे पुढे जा. पूर्ण ब्रेक दाबलेला असताना क्लच सुटलेला असतो, झीज होत नाही. कागदावर फार सुंदर उपाय आहे. पण मुलुंडला एका गाडीएवढी जागा सोडून बघा, त्यात दोन रिक्षा आणि एक स्कूटर कधी आली ते कळणार नाही. सायनच्या पलीकडे, शहरात, रिक्षांना बंदी आहे, तिथे निदान अर्ध्या संकटातून सुटका. उपनगरात मात्र या गिअरबॉक्सला शिस्तीत चालवणं हे ड्रायव्हरच्या हातात फारसं नसतं.

शिवाय या गाडीत हँडब्रेक साधा, हाताने ओढायचा आहे. म्हणजे ऑटो होल्ड नाही. ऑटो होल्ड असलेल्या गाडीत थांबलं की पाय मोकळा. इथे सिग्नलला ‘डी’मध्ये उभं असाल तेवढा वेळ उजवा पाय ब्रेकवर. इथे माझ्यातली फिजिओ जागी होते. ऑटोमॅटिक घेतली की पायांना आराम, हा समज अर्धाच खरा आहे. डाव्या पायाला आराम. उजवा पाय मात्र तासभर ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटरमध्ये अधांतरी धरलेला असतो. नडगीच्या बाहेरच्या बाजूला दुखतंय म्हणून येणाऱ्यांना मी हल्ली पहिलाच प्रश्न विचारते की गाडी कोणती आहे. मॅन्युअलमध्ये न्यूट्रल टाकून, हँडब्रेक ओढून दोन्ही पाय सोडून बसायची आपल्याला सवय तरी असते. डीएसजीतही ‘एन’ला टाकून तसं करता येतंच, पण कुणी करत नाही.

“मुंबईत ऑटोमॅटिकच” या सल्ल्यावर माझा राग नाही. तो अर्धवट आहे, एवढंच म्हणणं. ऑटोमॅटिक म्हणजे आत नेमकं काय, हे कुणी विचारत नाही. याच व्हर्टसचं छोटं इंजिन बघा, एक लिटर, ११५ पीएस. त्याच्याबरोबर मिळणारी ऑटोमॅटिक वेगळ्या जातीची आहे, सहा गिअरची टॉर्क कन्व्हर्टर. त्यात इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये तेल असतं, ताकद त्या तेलातून जाते. सरपटताना घासायला तिथे क्लचच नाही. दिवसभर इंचाइंचाने सरका, तिला काही वाटत नाही. गिअर बदलायला ती जरा सावकाश आहे, पॅडल दाबल्यावर ‘हो, आलेच’ म्हणते. पण आमच्या चौथ्या मजल्यावरचे एक जण रोज गाडीने बीकेसीला जातात-येतात, त्यांनी मला विचारलं तेव्हा मी त्यांना डोळे मिटून एक लिटरची ऑटोमॅटिक सांगितली. त्यांना स्पोर्टी हवी होती, नावात जीटी हवं होतं. मी म्हटलं, कुर्ल्याच्या पुलाखाली १५० पीएस आणि ११५ पीएस यांत काय फरक पडणार आहे? थोडे रुसले, पण घेतली तीच.

मग मी स्वतः मॅन्युअल का घेतली? कारण मी रोज गाडी चालवतच नाही. माझं क्लिनिक दादरला आहे. मुलुंडहून सकाळची फास्ट लोकल मिळाली की जेवढ्या वेळात पोचते, तेवढ्या वेळात गाडीने घाटकोपरही ओलांडता येणार नाही. गाडी सोमवार ते शुक्रवार सोसायटीच्या पोडियमवर, म्हणजे वरच्या पार्किंगमध्ये, झाकून उभी. ती निघते शनिवारी किंवा रविवारी पहाटे: ऐरोली पूल, ठाणे-बेलापूर रस्ता, कळंबोली, एक्सप्रेस वे, पुणे, खंबाटकी, सातारा. मुंबईत असे पुष्कळ जण आहेत ज्यांचा आठवडा लोकलमध्ये जातो आणि गाडी फक्त सुट्टीची. तरीही गाडी घेताना हिशोब मात्र सोमवारच्या ट्रॅफिकचा करतात. आपली गाडी कोणत्या दिवशी चालणार आहे हे आधी बघा. पुढचे निम्मे प्रश्न तिथेच सुटतात.

आता मॅन्युअल कशी आहे ते. दांडा छोटा, गिअर पडताना हाताला स्पष्ट कळतं. क्लचचा प्रवास मात्र लांब आहे. पहिल्या दिवशी सीट एक खाच पुढे घ्यावी लागली. (क्लच तळापर्यंत दाबल्यावर गुडघा किंचित वाकलेला राहिला पाहिजे. पाय पूर्ण ताठ होत असेल तर सीट मागे आहे, आणि कंबर दुखली की गाडीला दोष देऊ नका.) १५०० आरपीएमच्या खाली टर्बो झोपलेला असतो, म्हणून स्पीड ब्रेकरवर आळस करून तिसऱ्यात राहिलात तर गाडी कुंथते. दुसरा टाका, तक्रार संपली. एकदा १६०० च्या वर गेली की तिसऱ्या गिअरमध्ये ती काय काय करते! खालापूरचा टोलनाका सोडल्यावर एकदा तरी बघाच. एक्सप्रेस वेवर वेगमर्यादा आणि कॅमेरे आहेत, ते वेगळं सांगायला नको.

एक गोष्ट कुठल्या ब्रोशरमध्ये नसते. या गाडीत इंडिकेटरची दांडी स्टिअरिंगच्या डाव्या बाजूला आहे, युरोपी पद्धतीने. मारुती-ह्युंदाईवरून आलेला माणूस पहिले काही दिवस वळताना वायपर लावतो, ते सोडा. खरी गंमत मॅन्युअलमध्ये आहे: गिअरही डाव्या हाताने, इंडिकेटरही डाव्या हाताने. सर्कलला दुसरा गिअर टाकून डावीकडे वळायचं तर हाताला आधी इकडे आणि मग तिकडे जावं लागतं. मी आता आधी इंडिकेटर, मग गिअर असा क्रम बसवलाय. डीएसजीवाल्यांना हा प्रश्नच नाही, हात रिकामाच असतो.

यवतेश्वरच्या घाटात, साताऱ्याहून कासकडे चढताना, माझा निर्णय पक्का झाला. रस्ता अरुंद, वळणामागून कासचे पर्यटक किंवा म्हशी, दोन्ही सारख्याच आत्मविश्वासाने येतात. वळणाच्या आधी तिसऱ्यातून दुसरा, वळताना गाडी दुसऱ्यातच धरलेली, बाहेर पडताना इंजिनचा सूर वर जातो. उतरताना तर दुसरा गिअर टाकला की इंजिनच गाडीला मागे खेचून धरतं, ब्रेक फारसे लागत नाहीत. डीएसजी नुसती ‘डी’त ठेवली तर पेट्रोल वाचवायला वरचे गिअर टाकत जाते, उतारावर ‘एस’ किंवा पॅडल वापरायलाच हवं. वापरलं तर तीही उत्तम उतरते, आणि चढताना माझ्यापेक्षा वेगाने चढेल यात शंका नाही. पण मग मी काय करणार? मी घाटात जाते ती चालवायला.

आमच्या पोडियमचा रॅम्प हा मात्र कसोटीचा भाग. मध्येच काटकोनात वळतो, आणि वर जागा नसेल तर रिव्हर्समध्ये चढायचं. मॅन्युअलमध्येही तिथे हाफ क्लच करावाच लागतो, त्यातून सुटका नाही. पण पायाखाली क्लच कुठे धरतोय हे कळतं, जास्त घासलं तर वासही येतो, आणि आपण थांबतो. माझ्या एका पेशंटच्या गाडीने, कुठली ते सांगत नाही, अशाच रॅम्पवर गिअरबॉक्स तापल्याचा इशारा दिला आणि ‘थांबून थंड होऊ द्या’ असं स्क्रीनवर लिहिलं. मागे चार गाड्या हॉर्न वाजवत होत्या.

पैशांचं म्हणाल तर माझ्या कोटेशनमध्ये डीएसजी दीड लाखाच्या आसपास महाग होती. त्यावर आपल्याकडे दहा ते वीस लाखांच्या पेट्रोल गाडीला १२ टक्के आरटीओ, वर इन्शुरन्स, म्हणजे ऑन रोड फरक आणखी फुगतो. मायलेजचा मुद्दा मी विचारातच घेतला नाही. हलक्या पायाने चालवलं की दोन सिलिंडर बंद करून पेट्रोल वाचवायची सोय दोन्हींत आहे, आणि जड पायाने चालवलं की दोन्ही सारख्याच पितात. नवऱ्याचं मत अजूनही डीएसजीचं आहे. त्याचा डावा गुडघा क्रिकेटमध्ये गेलेला आहे, त्यामुळे त्याच्या मताला आधार आहे. त्याला रोज चालवायची असती तर मी वाद घातलाच नसता. ज्यांच्या गुडघ्याचं, टाचेचं किंवा सायटिकाचं दुखणं खरंच आहे त्यांनी हौस बाजूला ठेवावी, हे मी क्लिनिकमध्येही सांगते.

बजेट याहून कमी असेल तर ह्युंदाईची आय ट्वेंटी एन लाइन बघा. १२० पीएस, २०२३ पासून तिच्यातही खरीखुरी सहा गिअरची मॅन्युअल मिळायला लागली. आधी तिच्यात क्लचच्या पेडलशिवाय हाताने गिअर टाकायचा आयएमटी नावाचा मधलाच प्रकार होता. तिची ऑटोमॅटिकही डबल क्लचचीच, त्यामुळे वर लिहिलेलं बरंचसं तिलाही लागू.

टेस्ट ड्राइव्हची वेळ मात्र तुम्ही ठरवा, शोरूमला ठरवू देऊ नका. ते सकाळी अकराची देतात, रस्ता रिकामा असतो आणि कुठलीही गाडी गोड वाटते. कामाच्या दिवशी संध्याकाळी साडेसहाची मागा, एलबीएसवर. “मॅडम, तेव्हा ट्रॅफिक असतं,” असं मला सांगितलं होतं. म्हटलं, म्हणूनच. अर्धा तास सरपटत चालवा, एसी चालू, घरची सगळी माणसं गाडीत. आणि डीएसजी घेणार असाल तर परत आल्यावर शोरूमच्या स्वतःच्या रॅम्पवर रिव्हर्समध्ये चढवून बघा.