सिंहगड रस्त्यावरील स्मृतिभ्रंश निवासी केंद्र : एका सुनेचा अभिप्राय

सासूबाईंना अल्झायमरचे निदान झाल्यानंतर बरीच वर्षे आम्ही त्यांना कोथरूडच्या घरीच सांभाळले. नावे विसरणे, तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणे हे घरात निभावून जाते. घर हात टेकते ते रात्रींपुढे. त्या अपरात्री उठून दाराची कडी काढू लागल्या, अंथरुणात लघवी होऊ लागली, ब्यूरोकडून येणाऱ्या मावशी टिकेनात आणि त्यांना उचलता-बसवताना सासऱ्यांची पाठ कायमची धरली, तेव्हा त्यांना या केंद्रात ठेवण्याचा निर्णय घेतला. नातलगांना त्यात मायेची कमतरता दिसली, याचे मला आजही वाईट वाटते.

केंद्राची सर्वांत जमेची बाजू म्हणजे तिथली संध्याकाळ. दिवस कलू लागला की या आजारात अनेकांची अस्वस्थता वाढते आणि सासूबाई ‘मला घरी जायचंय, मुलं शाळेतून येतील’ म्हणत पदर खोचून उभ्या राहतात. तेथील ताई ‘हेच तुमचं घर’ असे समजावत बसत नाहीत. ‘आजी, देवाच्या वाती संपल्यात, तेवढ्या वळून देता का?’ असे म्हणून कापूस पुढे ठेवतात. सून कोण हे न ओळखणाऱ्या सासूबाई फुलवात मात्र अजूनही सुबक वळतात, आणि तासभर घरचा विषय निघत नाही.

उणीव गंभीर आहे. ज्या रात्रींमुळे आम्ही इथे आलो, त्या रात्री संपूर्ण मजल्यावर एकच कर्मचारी असे. तक्रारीनंतर दुसरी व्यक्ती नेमली गेली, परंतु सुट्टीच्या दिवशी अजूनही ओढाताण होते. डायपर आणि डॉक्टरांची तपासणी यांचे बिल वेगळे येते, आणि आरोग्यविम्यात असा निवासाचा खर्च साधारणपणे बसत नाही, हे आधीच धरून चालावे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात साठीपुढील ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे. एवढी गरज असताना केंद्रांना जागा भरण्याची चिंता नसते, म्हणून चौकशी आपणच कसून करावी. सकाळी ऑफिसात बसून माहितीपत्रक वाचण्यापेक्षा संध्याकाळी सहाच्या सुमारास जावे आणि रात्री जागे कोण असते, हे नावानिशी विचारावे.

आजाराच्या सुरुवातीच्या टप्प्यातील, बोलता-वाचता येणाऱ्या व्यक्तीसाठी मात्र मी हे केंद्र सुचवणार नाही. तिच्याशी गप्पा मारील असे तिथे कोणी नाही.